डॉक्टरांपासून लपवलेल्या गोळ्या

आठ दिवस झाले तरी यांचा ताप उतरत नव्हता आणि दत्तमहाराजांवरचा माझा विश्वास डळमळू लागला होता. मूतखड्यामुळे लघवीत जंतुसंसर्ग झाला होता. साकेत नगरच्या इस्पितळात इंजेक्शनं चालू होती, मी खाटेशेजारी नाम घेत होते. पण मन थाऱ्यावर नव्हतं, कारण एक गोष्ट मी लपवली होती. भरती करण्याआधी कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मीच यांना चार दिवस दिल्या होत्या. त्याआधीही दोनदा दिल्या होत्या. आधी काही औषध दिलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा शरमेने "नाही" म्हणून बसले. प्रयोगशाळेत लघवीच्या नमुन्यातून जंतू वाढवून पाहिले, पण ते वाढलेच नाहीत, त्यामुळे त्यांनाही नेमकं काही कळेना.

त्या दुपारी बाहेरच्या बाकावर एक वयस्क मुसलमान बाई तसबीह, म्हणजे त्यांची जपमाळ, ओढत बसल्या होत्या. त्यांची बहीण आत भरती होती. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारपूस केली. प्रयोगशाळेत उभी हयात गेली होती त्यांची.

"कुछ कीटाणु ऐसा एंजाइम बनाते हैं, जो दवा को काट के बेकार कर देता है," त्या म्हणाल्या. "घर पे पहले कोई दवा दी थी?"

डॉक्टरांना नाकारलेलं मी त्यांना मात्र सगळं सांगून टाकलं. बोलता बोलता रडू फुटलं. त्यांनी माझा हात धरला. "मुझे क्यों बता रही हो, बेटा? डॉक्टर साहब को बताओ. अभी जाओ."

डोळे पुसून तशीच गेले. डॉक्टर रागावले नाहीत. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाले. पुन्हा नमुना घेतला आणि संध्याकाळीच औषध बदललं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला: जंतू खरोखरच तो एन्झाइम तयार करत होते. आधीची इंजेक्शनं वाया जात होती. नव्या औषधावर त्याचं काही चालत नव्हतं. औषध बदलल्यानंतरच्या तिसऱ्या सकाळी यांचं अंग गार लागलं आणि यांनी पोहे मागितले. कितीतरी दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला.

बाकावरच्या त्या बाईंना मी आता आपा म्हणू लागले होते; त्यांना सांगायला धावत गेले. "अल्लाह का करम है," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "महाराजांची कृपा." दोघी हसलो.

आज वाटतं, त्या आठ दिवसांत मी महाराजांकडे दोन गोष्टी एकदम मागत होते: हे बरे व्हावेत, आणि माझी चूक झाकलेली राहावी. त्यांनी दुसरी नाकारली, म्हणून पहिली मिळाली. शरण जायचं म्हणजे काहीच झाकून ठेवायचं नाही, एवढं मला त्या बाकावर कळलं.