आर्डिसबाईंची चाळणी

आर्डिस टॉलेफसन बाईंनी आयुष्याची एकतीस वर्षं उंदरांच्या छातीत डोकावण्यात घालवली, आणि त्याबद्दल त्यांना कधी खंत वाटली नाही. मिनियापोलिसच्या एका प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या. हृदयाच्या वर, छातीच्या हाडामागे, पांढुरक्या दोन पाकळ्यांची थायमस नावाची ग्रंथी असते. ती चिमट्याने अलगद उचलायची, चाळायची आणि तिच्यातल्या पेशी मोजायच्या, हे त्यांचं काम. शोधनिबंधांवर साहेबांची नावं यायची. बाईंचं नाव शेवटच्या ओळीत आभारात यायचं, तेही दोनदा चुकीचं छापलेलं.

निवृत्त झाल्यावर त्या वांग लेकला, आपल्या गावी परतल्या. तिथे त्यांचा धाकटा भाऊ ऑर्लिन एकटाच राहत होता. चार वर्षांपूर्वी त्याची बायको लवॉन गेली आणि तेव्हापासून तो घराबाहेर पडायचा तो फक्त टपालपेटीपर्यंत. दाढी वाढलेली, बोलणं बंद. बाई रोज त्याच्याकडे हॉटडिश, म्हणजे खिम्यावर बटाट्याचा थर देऊन भाजलेला पदार्थ, न्यायच्या, तो वरचा बटाट्याचा थर तेवढा खायचा आणि खालचं सगळं कुत्र्याला घालायचा.

मग चर्चच्या तळघरातलं कॉफीचं मोठं भांडं चोरीला गेलं, आणि ऑर्लिनचं नशीब फळफळलं. चर्चने सुरक्षा समिती नेमली. ऑर्लिनला पहारेकऱ्याचं पिवळं जाकीट मिळालं, गळ्यात शिट्टी मिळाली, आणि दुसऱ्याच दिवशी गडी गुळगुळीत दाढी करून दारात उभा! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता हा जगेल, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

पण समितीतल्या एकाही शहाण्याच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. जानेवारीत पारा उणे तीसवर जातो आणि अख्खं गाव डोळे तेवढे उघडे ठेवून तोंड गुंडाळून फिरतं. त्यामुळे चोर कसा दिसतो, तर अगदी चर्चला येणाऱ्या माणसासारखा. एका रविवारी ऑर्गन वाजवणाऱ्या मर्नाबाई वह्यांची पिशवी घेऊन लगबगीने आल्या. ऑर्लिन चोर समजून धावला, त्याचं बघून समितीतला व्हर्लिन नावाचा नळदुरुस्तीवालाही, आणि दोघांनी मिळून त्यांना बर्फात आडवं केलं. त्या दिवशी गावाने ऑर्गनशिवाय भजन म्हटलं. डावी बाजू एका चालीत, उजवी दुसऱ्या.

चर्चच्या धर्मगुरू पास्टरबाई आर्डिसबाईंकडे आल्या. त्यांनी कॉफी दोनदा नाकारली, तिसऱ्यांदा घेतली, हवेबद्दल वीस मिनिटं बोलल्या आणि मग मुद्द्यावर आल्या.

"ऑर्लिन तसा चांगलाच आहे हो. पण लोकांना जरा... म्हणजे, तो समितीत नसता तर बरं. त्याला सांगायचं कोणी?"

बाईंनी कपाळाला हात लावला. वांग लेकमध्ये कोणाला तोंडावर 'नको' म्हणणं हा कॉफीचं भांडं चोरण्यापेक्षा मोठा गुन्हा. आणि ऑर्लिनला काढलं की तो परत टपालपेटीपर्यंतच.

"कोणी सांगू नका," बाई म्हणाल्या. "मी चाळणी लावते. चाळणीच काय ते सांगेल."

शनिवारी सकाळी समितीचे सातही जण चर्चच्या दारात हजर झाले. बाईंनी त्यांना उभं केलं आणि एकतीस वर्षांचं साचलेलं बाहेर काढलं.

"शरीरात आत आलेल्या परक्याला ओळखून मारायला टी पेशी लागतात. त्या जन्मतात हाडांच्या मगजात, पण तयार होतात थायमसमध्ये. शंभर आत जातात, जेमतेम पाच बाहेर येतात."

"बाकीच्या?" व्हर्लिनने विचारलं.

"मरतात."

"बरं बरं," व्हर्लिन म्हणाला. "तसं पाहिलं तर वाईट नाही."

पहिली परीक्षा ओळखण्याची. "ज्या पेशीला काहीच ओळखता येत नाही, तिला कोणी मारत नाही. तिच्याकडे कोणी बघतच नाही, त्यानेच ती मरते," असं सांगून बाई तोंड गुंडाळून सातही जणांसमोरून पाच वेळा गेल्या, दर वेळी वेगळी टोपी घालून. तिघेजण प्रत्येक वेळी म्हणाले, "असेल कोणीतरी." बाईंनी त्या तिघांना कॉफी विचारली नाही. एकदासुद्धा नाही! पंधरा मिनिटांत तिघे आपणहून घरी गेले आणि पुन्हा समितीकडे फिरकले नाहीत.

दुसरी परीक्षा अवघड. "थायमसच्या आतल्या भागात काही बहुरूपी पेशी असतात," बाई म्हणाल्या. "त्या स्वतः जागच्या हलत नाहीत, पण अख्ख्या शरीराची सोंगं घेतात. डोळ्यातलं काहीतरी दाखवतात, कातडीतलं दाखवतात, स्वादुपिंडातलं इन्सुलिनसुद्धा दाखवतात. शिकाऊ पेशी त्यावर चवताळून धावली की तिथेच खलास. कारण तिला बाहेर सोडली तर उद्या ती आपलाच डोळा खाईल. आता मी गावाची सोंगं घेणार. आपल्या माणसाला अडवलं की तुम्ही खलास."

"खलास म्हणजे?" ऑर्लिनने विचारलं.

"म्हणजे घरी. सोबत लिंबाची वडी देऊ."

गावाने शनिवारपुरते कोट उसने दिले होते. बाई मर्नाबाईंचा कोट घालून आल्या, पास्टरबाईंचा घालून आल्या, दुधवाल्याचा घालून आल्या. व्हर्लिन आणि त्याचे दोन सोबती दर वेळी म्हणायचे, "गारठा आहे नाही?" आणि दार उघडायचे. बाई खूश झाल्या. मग खात्री करावी म्हणून त्यांनी आपल्या परगावच्या बहिणीचा, इथे कोणी न पाहिलेला लाल कोट चढवला, तळघरातलं नवं कॉफीचं भांडं काखेत मारलं आणि सरळ बाहेर निघाल्या.

"जड आहे का हो?" व्हर्लिनने विचारलं. "गाडीपर्यंत आणून देऊ?"

"अरे बैला, चोर आहे मी!" बाई किंचाळल्या. व्हर्लिन कानापर्यंत लाल झाला. तरी भांडं त्याने गाडीपर्यंत नेलंच. एकदा विचारलं होतं ना.

आणि ऑर्लिन? ऑर्लिनने एकूण एक कोट अडवला. बाही धरायचा, शिट्टी फुंकायचा. पास्टरबाईंच्या कोटाला तर त्याने खिसे उलटे करायला लावले. नियमाप्रमाणे तो कधीच खलास झाला होता. आता फक्त त्याला तसं सांगायचं होतं. आयुष्यात हजारो थायमस निर्विकारपणे कापणाऱ्या बाईंना ते जमेना.

वेळ काढावा म्हणून त्या आत गेल्या. उसने कोट संपले होते. कोपऱ्यात गरिबांसाठी दिलेल्या कपड्यांची पेटी होती, तिच्यातून हाताला लागला तो निळा कोट त्यांनी घातला, लोकरी मफलर डोळ्यांपर्यंत गुंडाळला, मागच्या दाराने बाहेर पडल्या आणि पुढच्या दारातून आत आल्या.

व्हर्लिन आता पेटलेला होता. "थांबा!" असं ओरडत तो दोन्ही हात पसरून बाईंवर धावला. तो पोचायच्या आत ऑर्लिन मध्ये आला. त्याने शिट्टी फुंकली नाही. व्हर्लिनच्या छातीवर पंजा ठेवून तो हळूच म्हणाला, "हिला हात लावायचा नाही."

व्हर्लिन निमूट मागे सरला. ऑर्लिनने टोपी काढली, कोपर पुढे केलं आणि बाईंना डावीकडच्या तिसऱ्या बाकावर नेऊन बसवलं. स्वतः शेजारी बसला. आणि तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. कोट लवॉनचा होता, आणि बाकही तिचाच. ऑर्लिननेच तो कधीतरी पेटीत टाकला असणार.

"ऑर्लिन, अरे, मी आर्डिस आहे."

"माहीत आहे. तू बदकासारखी चालतेस. ती तशी चालत नव्हती."

"मग सोडलंस कशाला?"

"आता हाही अडवू?" त्याने कोटाची बाही हलकेच धरली. "काढू नकोस गं. पाच मिनिटं बस तशीच."

बाई बसल्या. त्यांना नळ्यांवर नळ्या भरून मोजलेल्या त्या थोड्याशा पेशी आठवल्या. आपलं माणूस त्यांना इतकं ओळखू येतं की नियमाने त्या मरायला हव्यात. पण काही मरत नाहीत. त्या बाहेर पडतात आणि चवताळलेल्या दुसऱ्या पेशींना आवरत जन्म काढतात. त्या नसतील तर शरीर स्वतःलाच फाडून खातं. इतकी वर्षं बाई त्यांचा आकडा वहीत लिहीत आल्या होत्या. त्यांच्यातली एक शेजारी येऊन बसेल आणि नाक ओढेल, असं काही त्यांना वाटलं नव्हतं.

"दारावर तुला ठेवता येणार नाही," बाई म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा त्या कोणाला तोंडावर नाही म्हणत होत्या. "दारावर हे तिघे राहतील. तू त्यांच्या मागे उभा राहा. कोणी धावून गेला की मध्ये यायचं, आत्ता आलास तसं."

"शिट्टी?"

"ती इकडे दे."

त्याने शिट्टी गळ्यातून काढून दिली. पाच मिनिटं झाली, वीस झाली. बाई घामाने निथळत होत्या, पण त्यांनी एक बटण सोडलं नाही. शेवटी ऑर्लिन उठला. गळ्यापासून खालपर्यंत एकेक बटण त्याने स्वतः काढलं, कोट हातावर घेतला आणि पेटीकडे न बघता दाराकडे चालू लागला.

"हा मी घरी नेतो," तो म्हणाला. "आणि आज हॉटडिश आणशील तर थोडं जास्त आण."