आईच्या पायाखालची कट-कट : नांदेड ते मुरुड

आईला लातूरजवळच्या मुरुडला मावशीकडे न्यायचं ठरलं, तेव्हा मित्र म्हणाले, "सतरा वर्षांच्या गाडीनं?" हो, त्याच गाडीनं! गाडीतलं मला सगळं कळतं, असं मी छाती ठोकून सांगायचो. आईची मात्र अट होती.

"दोन महिने झाले, गाडीत माझ्या पायाखाली कट-कट वाजून राहिलंय. थांबलं न्हाई, तर येताना मी एसटीनं येईन."

"शॉकर जुने झालेत गं, धक्के झेलताना वाजणारच," म्हणालो आणि गाणी मोठी केली. एसटीत चढता-उतरताना तिच्या गुडघ्यांचे हाल होतात, त्यामुळे ही धमकी मला झोंबली.

सकाळी सातला निघालो. लोह्यात गरमागरम सुशिला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, आणि चहा जरूर घ्या, चुरमुऱ्यांना असा मान दुसरीकडे मिळत नाही. पुढे रस्ता झकास, त्यामुळे मी जोरात होतो. अहमदपूरच्या अलीकडे एका खड्ड्यात ठाण्णकन आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढू लागली. हळूहळू गावात आलो, तर पहिलंच गॅरेज सलीमभाईंचं.

"शॉकर बदला," मी फर्मावलं. पन्नाशीच्या सलीमभाईंनी शांतपणे माझी जागा घेतली.

"सर, तुम्ही मागं बसा. मावशी, तुम्ही तुमच्याच जागेवर. चालवणाऱ्याचं ध्यान रस्त्यावर असतंय, आवाज बाजूच्याला इचारावा लागतो."

तीनदा त्यांनी गाडी स्पीडब्रेकरवरून नेली. आईनं अंगठा टेकवून दाखवलं. "हितं. वळताना लई."

मग गाडी जॅकवर चढली. सलीमभाईंनी चाकाच्या आत लांब लोखंडी टामी पहारीसारखी घालून उचकटलं. चाक जागेवर, पण त्याला खालून धरणारी दांडी खुळखुळ हलत होती. दोघांना जोडणारा बॉल जॉइंट झिजला होता. त्याचं रबर फाटून ग्रीसमध्ये माती गेली होती.

"शॉकर बरे हायेत. हा निखळला असता, तर चाक आडवं झालं असतं."

काढलेला जॉइंट मी हातात घेतला. त्यातली गोळी घट्ट हवी, ती दोन बोटांनी गरागरा फिरली. आईला शेजारी बसवून मी याच्या भरवशावर नव्वदनं आलो होतो!

उजवा जॉइंटही झिजायला लागला होता, म्हणून दोन्ही बदलले. तीन तास गेले. लातुरात चाकांची अलाइनमेंट करून घेतली, तीही न चुकता करा, नाहीतर टायर एका बाजूनं झिजतात. सगळं मिळून साडेतीन हजार. मुरुडात मावशीच्या ज्वारीच्या भाकरीवर दोन दिवस काढले. बहिणी गप्पा मारून थकल्या नाहीत, मी ऐकून थकलो.

निघायच्या सकाळी एसटीचा विषय मी काढलाच नाही. आईनं पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि पुढे येऊन बसली.

जुन्या गाडीनं खुशाल फिरा, मी तर फिरणारच. फक्त शेजारच्याला आवाज येत असेल, तर गाणी बंद करा.

अहमदपूर ओलांडलं आणि आईला डुलकी लागली. नांदेडला दारात गाडी उभी राहिली, तरी ती उठली नाही. इंजिन बंद करून मी तसाच बसून राहिलो. पूर्वी ती गाडीत बसली की दहा मिनिटांत झोपायची. गेल्या दोन महिन्यांत ती एकदाही झोपली नव्हती आणि ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला फार लाज वाटली.