मेंढवाड्याचा वास

"मेंढ्या उचल माझ्या रानातून! लेंड्यांच्या वासानं घरात घास गिळंना," सुंदरराव बांधावरून ओरडले.

"वास येतो तवाच जमिनीला घास मिळतो," मेंढपाळ आप्पाराव म्हणाला. "गोणीतलं पांढरं खाऊन रान किती दिस जगंल?"

"गोणी हगत तर न्हाई बे!"

आप्पारावची बायको बायडाबाई पालात भाकरी थापत हे भांडण ऐकत होती. त्या साली बाकीची खतं महागली, युरिया तेवढा स्वस्त राहिला. वडवणीहून गोण्या आल्या अन् खतासाठी वावरात बसणाऱ्या मेंढ्या नकोशा झाल्या. आप्पारावनं कळप विकला. बायडाबाई बीडच्या कॉलेजात काचेची भांडी धुवायला लागली.

सहा वर्षांनी तिची नात अंजू निळी पडली. तीन महिन्यांचं लेकरू, विहिरीचं पाणी घातलेल्या वरच्या दुधावर. विहिरीच्या भिंतीवर लिहिलेलं, 'पाणी उकळून प्या'. बायडाबाई तर दोनदा उकळायची. डॉक्टरांनी पोर वाचवली. कॉलेजातल्या विश्वेश्वर सरांनी पाणी तपासलं.

"युरिया झिरपून विहिरीत नायट्रेट झालंय, त्यानंच लेकरू निळं पडलं. उकळल्यानं पाणी उडतं, ते मागंच राहतं. उलट दाट होतं."

"म्हंजी मीच दाट करून पाजलं? अन् भिंतीवर तसं कशापायी लिवलंय?"

सरांनी विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत नेलं.

मग ते विष काढायला सर त्या पाण्यात धातूच्या पट्ट्या बुडवून वीज सोडायला लागले. कधी नुसतं तांबं, कधी त्यावर दुसऱ्या धातूचा मुलामा. काळी पडलेली पट्टी बायडाबाई चिंचेनं घासून लख्ख करायची. एक दिवस तिनं पेल्याला नाक लावलं.

"सर, ह्याला मेंढवाड्याचा वास यायलाय."

सर उडालेच. "अमोनिया! हेच पायजे होतं. विषाचं परत खत झालं!"

"ज्या वासापायी आमाला हाकललं, तोच आता विजेनं काढायलाव व्हय?"

तिनं सरपंच झालेल्या सुंदररावांना ती भिंत पुसायला सांगितलं. ते म्हणाले, "सरकारी अक्षर हाय, पुसता येत न्हाई." लेकरं निळी पडली तरी चालेल, अक्षर काळं व्हायला नको!

पुढं सर निवृत्त झाले, पट्ट्या कपाटात गेल्या. पेल्यातलं पाणी सुधारलं, विहीर होती तशीच. पण गावात पाळणा हलला की बायडाबाई कॉलेजच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून एस्टीनं आणायची. कंडक्टर म्हणायचा, "मावशे, कॅनचं तिकीट काढ." ती म्हणायची, "आधी त्याला बसायला जागा दे."

ती वारली त्याच्या आदल्या सांजेलाही बाळंतीण छबुबाईच्या दारात कॅन टेकला.

"ह्यातलंच दुधात घाल गं. विहिरीचं न्हाई."

अन् आधीचा रिकामा कॅन उचलून ती घरी गेली.