मंदाताईंची एकुलती एक थाप

कुणाचा कोड वाचायला बसल्या की मंदाताई आधी चपला काढायच्या, देवळात शिरल्यासारख्या! टौरंगा शहरातल्या आमच्या ऑफिसात किवीफळं निवडणाऱ्या मशीनचे प्रोग्रॅम लिहायचे, सगळे सी भाषेत. मी पुण्याहून इकडे परदेशात शिकायला आलेली, नुकती कामाला चिकटलेली. व्हिसा नोकरीवर टांगलेला. ताई मूळच्या सांगलीच्या, आमच्या टीमच्या प्रमुख. त्यांनी तपासल्याशिवाय कोड मशीनवर चढवायचा नाही, असा नियमच होता.

"पॉइंटर म्हणजे पत्ता, कबूल," त्या म्हणायच्या. "पण माहितीचा पत्ता वेगळा, फंक्शनचा, म्हणजे काम करणाऱ्या तुकड्याचा, वेगळा. दोन्ही एका पिशवीत कोंबू नकोस गं बाई!"

मी कोंबलेच. ताई त्या दिवशी तपासणीसाठी हॉस्पिटलात गेल्या होत्या आणि मला कुठली घाई सुटली होती, देव जाणे. व्हॉइड पॉइंटर असतो कुठल्याही माहितीचा पत्ता ठेवायला. मी त्यात फंक्शनचे पत्ते टाकले. कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर कुरकुरला, तर त्याची वॉर्निंगच बंद केली. लॅपटॉपवर सगळं झकास चाललं, म्हणून ताईंनी न तपासताच मशीनवर चढवलं. नव्या मशीनच्या चिपवर मात्र फंक्शनचा पत्ता माहितीच्या पत्त्याहून लांब. तो अर्धाच मावला. ऐन हंगामात फळं भरणाऱ्या पॅकहाऊसचा पट्टा बंद पडला.

आमचा मॅनेजर ग्रॅम लालबुंद होऊन आला. "कोणी तपासलं होतं हे?"

ताई तोवर रजेवरून परतल्या होत्या.

"मी," ताई म्हणाल्या. "माझ्या नजरेतून सुटलं."

कोडमधल्या कमेंटमध्येसुद्धा कधी खोटं न लिहिणारी बाई! तो प्रोजेक्ट त्यांच्याकडून काढून घेतला. मला त्या रागावल्या नाहीत, शेजारी बसवून सगळं पुन्हा लिहून घेतलं. "फंक्शनचा पत्ता फंक्शन पॉइंटरमध्येच ठेव. पॉइंटरचा प्रकार बदललास तरी चालेल, पण फंक्शनला हाक मारण्याआधी मूळ प्रकारात परत आण."

"ताई, मी ग्रॅमला खरं सांगते."

"आधी तुझी रेसिडेन्सी होऊ दे, इथे कायमचं राहायला मिळू दे. मग सांग हवं तर. हीप्स ऑफ टाइम आहे, ढीगभर!"

कसला टाइम! गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. माझी रेसिडेन्सी त्यानंतर तीन आठवड्यांनी आली. त्याच दिवशी ग्रॅमसमोर सगळं ओकले.

"माहीत आहे," तो म्हणाला. "तू कोड चढवलास त्या दिवशीची तिची रजा मीच मंजूर केली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तिला खोटं पाडायचं मला जमलं नाही."

गाडीत जाऊन ढसाढसा रडले. ग्रॅमला सांगण्यासाठी मी इतकी वर्षं धीर गोळा करत बसले. ताई रोज शेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांना साधं 'ताई, चुकले' म्हणायचं राहूनच गेलं.