काकांचं वगळलेलं पान

नवा रायपुरातल्या ऑफिसातून घरी आलं की मी इंटरनेटवरच्या मराठी मुक्त ज्ञानकोशात थोडं काम करते. शुद्धलेखन सुधारायचं, संदर्भ जोडायचे, नवी पानं तपासायची. एका संध्याकाळी त्या नव्या पानांत आमच्या काकांचं नाव दिसलं.

काका म्हणजे बाबांचे रेल्वेतले सोबती. दोघंही नागपूरकडून इथे नोकरीला आले. ड्युटी संपली की काका पारापारांत, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यांत, भीमगीतं गायचे. बीरगांवच्या कामगार वस्तीत त्यांचा कार्यक्रम असला की बाया लेकरं कडेवर घेऊन यायच्या. माझी शाळा हिंदी होती. मराठी आली ती त्यांच्या गाण्यांमुळे.

ते पान त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. सुरुवातच ‘छत्तीसगडचे स्वरसम्राट, थोर समाजसेवक’ अशी. संदर्भ एकही नाही. वर कुण्या संपादकाने सूचना लावलेली: ‘स्वतःची जाहिरात. पान वगळावे.’

पान वगळलं जाऊ नये म्हणून मी विशेषणं काढली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, आणि पाठोपाठ काकांचा फोन.

“कोणीतरी बदमाश माझं लिहिलेलं खोडून राहिला. पाह्य बरं कोण आहे तो.”

“काका, ती मीच.”

त्यांनी फोन ठेवला.

रविवारी त्यांच्या घरी गेले. “तू त्यायच्यातलीच आहेस न? मग काहून काढून राहिले?”

“तुमच्याबद्दल पेपरात, पुस्तकात दुसऱ्या कोणी लिहिलेलं दाखवावं लागते, काका.”

त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. हिंदी पेपरचं एक कात्रण निघालं. फोटोत काका माईकसमोर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. खाली प्रमुख पाहुण्यांचं नाव, आणि मग ‘एवं अन्य कलाकार’.

चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, “पण आम्ही साऱ्यायनं ऐकलं न वं. ते नाही चालत?”

मी चहा घेतला.

पान ठेवावं म्हणून त्याच्या चर्चापानावर मला जमेल तेवढं लिहिलं. उत्तर सभ्य होतं: ‘आपल्या भावना समजतात. कृपया स्वतंत्र संदर्भ द्यावेत.’ तो संपादक चुकत नव्हता. परक्या माणसाच्या पानावर मीही हेच लिहिलं असतं. त्याच सुमारास रायपूरच्या सदर बाजारातल्या एका सराफाचं पान मात्र टिकलं. त्याच्यावर पेपरांच्या पुरवण्यांत लेख आले होते. ते पैसे देऊन छापवलेले वाटतात, असं मी म्हटलं, तर माझ्याकडेच पुरावा मागितला. तो कुठून आणणार?

काकांचं पान गेलं. फोनवर सांगणं बरं वाटेना, म्हणून पुन्हा गेले. ते व्हरांड्यात बसले होते.

“खोटं लिहिलं होतं काय मी?”

“नाही, काका.”

“मग?”

स्वरसम्राट वगैरे लिहायला नको होतं, असं सांगता आलं असतं. पण ते नसतं तरी पान गेलंच असतं.

शेवटी तेच म्हणाले, “माझं राहू दे. आमच्या पेटीवाल्याचं लिही. जन्मभर माझ्यासंगं वाजवलं त्यानं. तो तर वारला. तो काय स्वतःची जाहिरात करून राहिला?”

त्यांच्या चेहऱ्यावर युक्ती सापडल्याचा आनंद होता. पेटीवाला तर त्या फोटोतही आला नव्हता.

“हव, काका,” मी म्हणाले.