सातवं वाक्य

तनुजा मूळची गंगापूरची. शहरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत सातवीच्या मुलींना मराठी शिकवायची. धडा वाचून व्हायचा, उत्तरं फळ्यावरून उतरवून व्हायची, आणि वर्गाबाहेर पडल्यावर एकीच्याही तोंडी मराठी शब्द नसायचा.

त्या वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणात साहित्यनिर्मितीचा विषय आला. "पुस्तक जसंच्या तसं रेटू नका," मार्गदर्शक म्हणाले. "मुलांच्या कानावर पडते ती भाषा गोळा करा, तिच्यातून पाठ बनवा." तनुजाला ते मनापासून पटलं.

गुलमंडीच्या बाजारामागच्या गल्लीत अख्तरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. तनुजाच्या साड्या तिच्याकडेच असत आणि तिची मुलगी अदीबा तनुजाच्याच वर्गात होती. एके दिवशी तनुजानं तिच्यापुढं मोबाइल ठेवला. "तुमचं बोलणं रेकॉर्ड करू? मुलींना शिकवायला हवंय."

"माझा बोलणा? शिकवायला?" अख्तरी हसली. मशीन थांबवून तिनं चहा टाकला आणि अर्धा तास बोलत राहिली. गिऱ्हाइकांबद्दल, कापडांबद्दल, पोरीबद्दल. अदीबा उंबऱ्यात बसून साड्यांचे दोरे कापत होती.

त्यातून तनुजानं दहा वाक्यं निवडली आणि वर लिहिलं, 'चुका शोधा व शुद्ध करून लिहा.' तुमचा काम झाला बाई. कापड चांगला हाय, पन रंग जाते. सातवं होतं, माझा लेकरू लई हुशार हाय.

प्रशिक्षणात तिनं ती वाचून दाखवली तेव्हा हशा पिकला. मार्गदर्शकही हसले. सातवं वाक्य तर तिनं हेल काढून दोनदा वाचलं. टाळ्या पडल्या. 'लई' आणि 'हाय' तिच्या स्वतःच्या आईच्या, साळूबाईच्या, तोंडी होते. गंगापूर सोडल्यावर तनुजानं सगळ्यात आधी हेच दोन शब्द टाकले होते. टाळ्यांमध्ये हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

वर्गातही कागद वाटून तिनं तोच हेल काढला. मुली खिदळल्या. अदीबानं मात्र कागद पालथा घातला.

"लिही की गं."

अदीबा उभी राहिली. "टीचर, हा सातवा जुमला अम्मीचा आहे. माझ्याबद्दल बोलली होती." तिनं कागद सुलटा करून पुढं धरला. "यात चूक काय आहे?"

लेकरू नपुंसकलिंगी, म्हणून 'माझं'. उत्तर तनुजाच्या जिभेवर आलं होतं. तास संपायला वीस मिनिटं होती. पण ती फळ्याकडं तोंड करून तारीख पुसत राहिली.

दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी ती गुलमंडीला गेली. अख्तरीनं मशीन थांबवलं नाही.

"मला शुद्ध येत नाय, ते मला माहीत हाय. चहा पिताना सांगायचा होता तुम्ही. मी शिकले असते. लोकांना हसवायला दिला काय मी?"

"माझं चुकलं. माफ करा," तनुजा खाली बघून म्हणाली.

"साडी परवा न्या."

त्या आठवड्यात तनुजानं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. पहिल्यांदा तिनं नुसत्या चुका वेचल्या होत्या. आता ऐकू आलं की भडकलेल्या गिऱ्हाइकाला अख्तरीनं चार वाक्यांत कसं शांत केलं, आणि तेही मराठीत. त्यावरून तिनं संवाद बांधला. खाली दोन रकाने आखले, 'घरी असं म्हणतो' आणि 'पुस्तकात असं लिहितो'. 'चूक' हा शब्द कुठंच ठेवला नाही. छापण्याआधी अख्तरीला वाचून दाखवला. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, नाव घालू दिलं नाही, मग म्हणाली, "हा चालते."

पुढच्या प्रशिक्षणात तनुजानं दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि पहिला कसा बनवला होता ते सगळ्यांसमोर सांगितलं. टाळी कुणी वाजवली नाही. मार्गदर्शकांनी पहिला कागद उचलून पुन्हा वाचला.

नवा पाठ वर्गात रंगला, मग तनुजानं तसेच आणखी पाठ बनवले. मुली गिऱ्हाईक बनून एकमेकींशी मराठीत भांडू लागल्या. अदीबा पुस्तकाचा रकाना सुरेख भरायची, एकही चूक नसायची. घरचा रकाना मात्र वर्षभर कोरा सोडायची. तो भर, असं तिला सांगायचं तोंड तनुजाला नव्हतं.