तेलगावची राख आणि विहीणबाईंची भांडी

लेकीच्या लग्नाचं लुगडं मीच लाल रंगवीन, असं मी व्याह्यांपुढं छाती ठोकून सांगून बसलो. धंद्यानं रंगारी, मग बोलणार नाही तर काय! पण रंग पक्का करणारा बाजारचा खार भेसळीचा निघाला आणि आल झाडाच्या मुळीचा लाल रंग दोन धुण्यांत फिका. लग्न आठ दिवसांवर. तेव्हा निघालो तेलगावला. तिथं गोदाआत्या तिळाच्या टाकाऊ काड्या जाळून राख करतात आणि ती भिजवून वरची निवळी काढतात. तोच अस्सल खार.

आमच्या युसूफ वडगाव गावाहून बैलगाडी केली. भाड्यापोटी गाडीवानाला पटका रंगवून द्यायचं ठरलं. तुम्ही जाणार असाल तर बुडाखाली कडबा घ्या आणि केजेतच फुटाणे बांधा. धारूरच्या घाटात खायला दगड तेवढे आहेत.

गोदाआत्यांनी भाकरी वाढली, मग पारख म्हणून निवळीचा थेंब माझ्या जिभेवर ठेवला. जीभ अशी पोळली की तासभर बोलता येईना. पोळलं म्हणजे खार अस्सल, म्हणून आत्या मात्र खुशीत होत्या. म्हणाल्या, "खारात रंग नसतो, बाबा. पण त्याच्याबिगर कापड रंगाला धरीत न्हाई."

राखेचं गाठोडं घेऊन परतताना मुक्काम केजेत, व्याह्यांकडं. कशासाठी गेलतो ते लाजेनं सांगितलं नाही. गाठोडं परसात ठेवून झोपलो.

सकाळी परसात पितळ नुसतं झळकत होतं. विहीणबाई म्हणाल्या, "इवाई, राख लई झ्याक आणली तुमी." आपल्याकडं राख दिसली की बाईमाणूस भांडीच घासणार, हे माझ्या टाळक्यात कसं आलं नाही? मी तिथंच सगळं खरं ओकलो. फजिती झाली ती झालीच.

त्या हसल्या नाहीत. घासून उरलेली राख त्यांनी कपडे धुण्यासाठी घागरीत भिजवली होती. वर निवळी आलती, चांगली पिवळसर. मी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि पोळलो. इतका आनंद पोळून कधी झाला नव्हता.

"सांडायचं न्हाई," म्हणत विहीणबाई घागर मांडीवर घेऊन स्वतः गाडीत बसल्या. लग्नाआधीच विहीण माझ्या दारात बघून गाव गोळा झालं. त्यांनी पदर खोचला आणि माझ्यासोबत लुगडं बुचकळायला बसल्या.

तीन धुणी झाली. पाणी स्वच्छ, लुगडं लालभडक. लेक आता सगळ्यांना सांगते, लग्नाचं लुगडं सासूबाईंनी रंगवलं. मी रंगारी असून गप्प बसतो. मला बरंच वाटतं.